हात दाखवून हँडल

पुण्यात सायकलच्या चांगल्या दुकानात गेलं की आधी उंची विचारतात. मग बजेट. मग "रोज किती किलोमीटर करता?" हा प्रश्न, ज्याचं उत्तर गिऱ्हाईक दुप्पट करून सांगतं आणि दुकानदार निम्मं करून ऐकतो. त्यानंतर फ्रेम कार्बनची की अल्युमिनियमची, गिअर किती, ब्रेक डिस्कचे की रिमचे, रंग मॅट की चकचकीत. लाख-दीड लाखाचा सौदा तासाभरात उरकतो. या तासाभरात गिऱ्हाइकाचा हात कोणी बघत नाही. आमच्या शनिवार पेठेत हात बघून भविष्य सांगणारे हवे तेवढे मिळतील, पण हात बघून हँडल देणारा मला आजवर भेटलेला नाही.

ही गंमत म्हणून सांगत नाहीये. रोड बाइक थांबते ती बोटांनी. बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नसतील तर फ्रेम कसली आहे, गिअर किती आहेत, टायर कुठल्या देशातून आलेत, या चर्चेला काडीचा अर्थ उरत नाही. तरी पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या कट्ट्यावर या विषयाला तोंड फोडलं की लोक असे बघतात, जणू मी सीटला गादी लावायचं विचारतेय.

ज्यांना रोड बाइकशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं हँडल म्हणजे ड्रॉप हँडल. वर आडवी दांडी. तिच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या रबरी मुठी, त्यांना हूड म्हणतात. हूडच्या खालून वळून मागे येणारा भाग म्हणजे ड्रॉप. मी त्याला आकडा म्हणते, कारण तो दिसतोच तसा. ब्रेकचे लिव्हर हूडच्या पुढून खाली लोंबतात. सपाट रस्त्यावर बहुतेक जण हूड धरून चालवतात. तीव्र उतारावर आकडा धरायचा असतो.

तो का धरायचा, हे फार कमी जण सांगतात. लोकांना वाटतं, वारा कमी लागावा म्हणून, शर्यतीतल्यासारखं दिसावं म्हणून. वारा कमी लागतो हे खरंच आहे. पण लिव्हरची बिजागरी वर, हूडच्या आत असते, हे त्याहून महत्त्वाचं. हूडवरून ब्रेक दाबताना बोटं बिजागरीच्या जवळ असतात, म्हणून जोर जास्त लागतो. आकड्यावरून दाबताना बोटं लिव्हरच्या खालच्या टोकाकडे असतात, तेव्हा तेवढ्याच जोरात कितीतरी जास्त ब्रेक लागतो. गावाकडचा हापसा आठवा. दांडा टोकाला धरून दाबला तर शाळकरी पोरही पाणी काढतं. खिळीजवळ धरला तर पहिलवानाला घाम फुटतो. शिवाय आकडा धरला की हात त्यात अडकून बसतो, खड्ड्यात चाक आपटलं तरी निसटत नाही, आणि अंगाचं वजन खाली येतं. हूडवर हात नुसता टेकलेला असतो.

म्हणजे ज्याची बोटं आकड्यावरून लिव्हरला पोचत नाहीत, तो सगळ्यात वाईट उतारावर सगळ्यात कमी जोराचा ब्रेक वापरतो. तोही थकलेल्या हातांनी, आणि बऱ्याचदा शेवटच्या पेरानं कसाबसा ओढून. आता साधा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. बोटं ताणून लिव्हर शोधण्यात अर्धा सेकंद गेला तर ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. आमच्या पेठेतल्या काही बोळांची रुंदी याहून कमी आहे.

माझ्या भाचीचं उदाहरण देते. वय तेवीस, उंची पाच फूट एक इंच, हात माझ्यासारखे. आमच्या घराण्यात बायकांचे हात लहान. मराठीत वीत नऊ इंचांची धरतात. माझी सात इंचांनाही जरा कमी भरते. तिनं पहिल्या नोकरीच्या पैशांतून रोड बाइक घेतली. दुकानाचं नाव घेत नाही, कारण त्याच्या जागी दुसरं कुठलंही असतं तरी हेच झालं असतं. फ्रेम तिच्या उंचीला बरोबर दिली होती, त्यात खोट काढता येणार नाही. पण हँडल जुन्या वळणाचं, मोठ्या गोलाईचं, आणि लिव्हर कारखान्यातून आले तसेच. दोन महिन्यांनी बोपदेव घाट उतरताना पावसाची सर आली. ही हूडवर दोन बोटं टाकून उतरत होती, कारण आकड्यावरून लिव्हर हाताला येतच नव्हता. तळहात बधिर झाले. वळणावर समोरून टेम्पो आला, तेव्हा तिनं ब्रेक दाबला आणि तो पुरला नाही. सायकल आतल्या बाजूच्या गटारात गेली म्हणून निभावलं. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. बाहेरच्या बाजूला गेली असती तर काय, हे आम्ही घरात बोलत नाही.

सायकल घेऊन मी त्याच दुकानात गेले. तिथला माणूस सज्जन आहे, चहा मागवला, चाकं तपासली, ब्रेक रबरं तपासली. सगळं ठीक होतं. मग म्हणाला, "ताई, सवय होईल तिला. ग्रिप वाढवायला सांगा, ते हाताचे स्प्रिंग मिळतात ना, ते." भाचीच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ सायकलपटूंनीही हेच सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत.

या "सवय होईल"वर माझा राग आहे. सवयीनं बोटं लांब होत नाहीत. जोर वाढतो, पोच वाढत नाही, आणि इथे कमी पडत होती ती पोच. माप चुकलेल्या चपलेत पायाला घट्टे पडतात आणि मग दुखत नाही, तशी सवय होते एवढंच. लोक आकडा धरायचं सोडून देतात, उतारावर घाबरत उतरतात आणि मग ग्रुपमध्ये त्यांची ओळख ठरते: "चढाला चांगली आहे, पण उताराला कच्ची." मी अशा निदान सहा-सात बायका आणि दोन पुरुष ओळखते. त्यांच्यात धीराचा तुटवडा असल्याचं मला कधी जाणवलेलं नाही. त्यातल्या दोघींनी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत पुऱ्या केल्यात. त्यांचे लिव्हर लांब आहेत.

आणि सायकलच्या धंद्याला हे नवीन कळलंय असंही नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत दहा गिअरच्या सायकलींची लाट आली. सर्वसामान्य माणसं ड्रॉप हँडलच्या सायकली घेऊ लागली आणि त्यांना ब्रेक हाताशी येईनात. कंपन्यांनी काय करावं? हँडल किंवा लिव्हर माणसाच्या मापाचे करायच्या ऐवजी मूळ लिव्हरला आणखी एक आडवा लिव्हर जोडला, वरच्या दांडीवरून ओढता येईल असा. त्याला नाव दिलं सेफ्टी लिव्हर. तो मुळात अर्धवट ओढला जायचा, त्याची ओढ संपली तरी चाक थांबलेलं नसायचं. सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं सुइसाइड लिव्हर. पुढे तो हद्दपार झाला, पण ती वृत्ती मात्र तशीच राहिली. हात चुकीचा आहे असं धरून चालायचं आणि त्यावर काहीतरी जोडकाम करायचं.

आता दुरुस्ती म्हणून दुकानात काय करतात ते बघा, कारण तिथे भाषेचाही घोळ आहे. सायकलच्या व्यवहारात रीच हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. फ्रेमचा रीच म्हणजे पायडलच्या आसापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. हँडलचा रीच म्हणजे आडव्या दांडीपासून हँडल पुढे किती जातं ते. आणि लिव्हरचा रीच म्हणजे हँडलपासून ब्रेकचा लिव्हर किती लांब आहे ते. गिऱ्हाईक म्हणतं, "रीच जास्त वाटतो." मेकॅनिक पहिला किंवा दुसरा रीच ऐकतो आणि स्टेम आखूड करतो. म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तो छोटा दांडा ११० मिलिमीटरचा होता तो ८०चा लावतो. नाहीतर हँडलच फिरवून हूड वर आणि जवळ आणतो. बसणं जरा सुखाचं होतं, पाठ कमी ताणली जाते, गिऱ्हाईक खूश. लिव्हर आणि आकडा यांच्यातलं अंतर मात्र एका मिलिमीटरनंही बदललेलं नसतं, कारण ते दोन्ही एकत्रच सरकलेत. बस पुढे गेली म्हणून मागच्या सीटवरचा माणूस ड्रायव्हरजवळ जात नाही. भाचीच्या सायकलचं दुकानात पहिल्यांदा हेच झालं होतं. पैसे घेऊन स्टेम बदलून दिला होता.

मराठीत या तिसऱ्या रीचला चांगला शब्द आहे: आटोका. एखादी गोष्ट आटोक्यात आहे म्हणजे हात पोचेल अशी आहे, आणि आटोक्यात आली म्हणजे ताब्यात आली. ब्रेकच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकच आहेत. दुकानात जाऊन मी आता रीच म्हणत नाही. "लिव्हर आटोक्यात नाही" म्हणते. मेकॅनिक पोरं हसतात, पण मग निदान लिव्हरकडे बघतात.

इथे पुणेकर वाचकाला जुन्या सायकली आठवल्या असतील याची मला खात्री आहे. सायकलींचं शहर वगैरे. वाड्याच्या बोळात एकावर एक रेललेल्या सायकली, मुलींच्या शाळांसमोरच्या लेडीज सायकलींच्या रांगा, अप्पा बळवंत चौकातून कॅरिअरला पुस्तकं बांधून जाणारी मुलं. मला या स्मरणरंजनाचा कंटाळा आहे. त्या सायकली जड होत्या, आणि सळईचे ब्रेक पावसात जवळजवळ लागत नसत, कारण ओल्या क्रोमच्या रिमवर रबर नुसतं घसरतं. पण एक गोष्ट त्या काळ्या सायकलींत नीट होती, आणि ती शंभरेक वर्षं तशीच असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आली नाही. लिव्हर मुठीच्या खाली, मुठीला समांतर, पूर्ण लांबीचा होता. मूठ आवळली की ब्रेक लागला. लहान हाताच्या मुलीलाही आणि दूधवाल्याच्या पंजालाही तो सारखाच सापडायचा. नाव, किंमत, गिअर, काही नव्हतं, पण हात हा हिशेबाचा भाग होता. आज त्याच पेठेतून कार्बनची सायकल घेऊन निघणारी मुलगी या एका बाबतीत आपल्या आजीहून वाईट स्थितीत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तेव्हापासून मार्ग, पार्किंग, अतिक्रमण यांवर पुष्कळ बोललं जातं आणि ते बोलायलाच हवं. पण त्या मार्गावर सायकल थांबवणाऱ्या हाताचा विषय निघालेला मी ऐकला नाही.

"मग ड्रॉप हँडल घेताच कशाला? सरळ हँडलची हायब्रिड घ्या की." हा सल्ला मला आणि भाचीला एवढ्यांदा मिळालाय की तो शिव्यांसारखा पाठ झालाय. हायब्रिड उत्तम सायकल आहे. पेठेत, भाजीला, ऑफिसला ती रोड बाइकपेक्षा सोयीची आहे, आणि ज्याला ती हवी त्यानं जरूर घ्यावी. पण सल्ला देणारा काय म्हणतोय ते ऐका. लांबच्या पल्ल्याला हाताच्या तीन-चार वेगवेगळ्या ठेवणी देणारं हँडल, ज्यामुळे शंभर किलोमीटरनंतर तळहात बधिर होत नाहीत, ते मोठ्या हातांच्या माणसांसाठी आहे. लहान हातांनी दुसरं काही बघावं. उंच माणसाला ५८ सेंटिमीटरची फ्रेम हवी असते तेव्हा त्याला "तुम्ही घोडा घ्या" असं कोणी सांगत नाही. त्याच्यासाठी फ्रेम मागवतात.

दुसरा युक्तिवाद व्यावसायिकांचा. "प्रो लोक तर हेच वापरतात." वापरतात, पण त्यांच्या सायकलीचा प्रत्येक मिलिमीटर त्यांच्या अंगावर मोजलेला असतो, आणि मोजून देणारा माणूस पगारी असतो. तिथेही सगळं आलबेल नाही. जून २०२५ मध्ये यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं नियम जाहीर केला की १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत हँडल बाहेरून बाहेर किमान ४०० मिलिमीटर रुंद हवं. आधी ही मर्यादा ३५० होती. दोन हूडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर किमान ३२० मिलिमीटर ठेवायचं असंही त्यात होतं. कारण सुरक्षेचं दिलं: काही शर्यतपटू वारा कापायला हँडल फारच अरुंद करत होते. हेतू खोटा नाही. पण अरुंद खांद्यांच्या सायकलपटूंनी, त्यातही महिलांनी, लगेच विचारलं की आमच्या खांद्यांच्या मापाचं हँडल आता नियमबाह्य का? ओरड झाली, मग हूडांचं अंतर २८० वर आणलं. चारशेचा आकडा कायम राहिला. सुरक्षेसाठी केलेल्या नियमातही सुरक्षित कोणाला करायचंय याचं चित्र डोक्यात मधल्या मापाच्या पुरुषाचंच होतं, आणि हे जगातल्या सर्वोच्च पातळीवर. त्याच जानेवारीत पुण्यात यूसीआयची रस्ता-शर्यत झाली, पुरुषांची, चारशेहून जास्त किलोमीटरची. रस्ते नव्यानं डांबरले, गतिरोधक काढले, शहरभर कमानी लागल्या. मीही बघायला गेले, टाळ्याही वाजवल्या. रस्त्याच्या कडेला सायकली घेऊन उभ्या असलेल्या मुलींच्या हँडलांकडे बघत होते. चाळाच लागलाय आता. चौघींपैकी तिघींचे लिव्हर कारखान्यातून आले तसे.

आता करायचं काय, ते सांगते. हे ज्ञान गुप्त नाही आणि महागही नाही, म्हणून तर चीड येते.

दुकानात सायकल स्टँडवर लावायला सांगा आणि तिच्यावर बसा. आकडा धरा, नेहमी धराल तसा, कोपर किंचित वाकवून. मनगट न वाकवता, पकड न सोडता तर्जनी लिव्हरवर टाका. तर्जनीचं टोकाचं पेर लिव्हरवरून पूर्ण वळून आत आलं पाहिजे, आणि मधलं बोटही तिच्या पाठोपाठ जाता आलं पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर लिव्हर लांब आहे. हूडवरूनही हेच बघा. दोन मिनिटं लागतात. या परीक्षेत सायकल नापास झाली तर आधी लिव्हरमधला स्क्रू. आजच्या बहुतेक लिव्हरमध्ये हूडचं रबर जरा मागे सारलं की, किंवा लिव्हरच्याच अंगात, एक बारीक स्क्रू असतो. तो अॅलन की नाहीतर स्क्रूड्रायव्हरनं फिरवला की लिव्हर आत येतो. काही जुन्या लिव्हरांत स्क्रूऐवजी रबरी पाचर बसवावी लागते. हा स्क्रू गिऱ्हाइकासाठीच दिलेला आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मी विचारलं त्या दहांतल्या आठ मालकांना तो असतो हेच ठाऊक नव्हतं. एक पथ्य आहे. लिव्हर आत आणला की त्याच्या ओढीला जागा कमी उरते. पूर्ण जोरानं दाबून बघा. तो हँडलला टेकत असेल तर ब्रेकची केबल आणि रबरांचं अंतर पुन्हा जुळवून घ्यावं लागेल. हे न करता नुसता स्क्रू फिरवून दिला तर एका संकटातून दुसऱ्यात. (याच वेळी उजव्या हाताचा ब्रेक पुढचा आहे की मागचा, तेही बघून घ्या. आपल्याकडे उजवा पुढचा असतो. युरोप-अमेरिकेच्या रिवाजानं जुळवून आलेल्या सायकलीत तो उलटा असू शकतो, आणि हे घाटात कळणं बरं नाही.)

स्क्रूनं भागलं नाही तर हँडल. इथे मुख्य गोष्ट वळणाची आहे. जुन्या पद्धतीच्या मोठ्या गोलाईच्या हँडलचा रीच नव्वद-शंभर मिलिमीटर आणि खोली एकशेचाळीस-पन्नासपर्यंत असते. आकड्याचा तो मोठा गोल लिव्हरपासून लांब फिरून जातो, म्हणून हात लांब पडतो. दिसायला ते सुंदर, यात वाद नाही. जुन्या शर्यतींच्या फोटोत तेच असतं, आणि पुण्यात अजूनही काही जण ते केवळ देखणं म्हणून लावतात. त्यांचे हात मोठे असावेत अशी आशा आहे. कॉम्पॅक्ट म्हणतात त्या हँडलचा रीच सत्तर-ऐंशी, खोली एकशेवीस-तीस, आणि वळण वरच्या बाजूला घट्ट असल्यामुळे आकडा लिव्हरच्या मागोमाग जातो. लहान हाताला याच वळणानं सगळ्यात मोठा फरक पडतो. मधे एकदा ॲनाटॉमिक नावाचा प्रकार आला होता, आकड्यात एक सरळ पट्टा असलेला. नाव शरीरशास्त्राचं, पण तो सरळ भाग बऱ्याच हातांना लिव्हरपासून उलट दूर नेतो. नावावर जाऊ नका, हात लावून बघा.

रुंदीही बघा, पण ती वेगळी गोष्ट आहे हे लक्षात ठेवून. खांद्याच्या दोन हाडांमधलं अंतर मोजलं की साधारण अंदाज येतो. ४२ सेंटिमीटरचं हँडल ३६च्या खांद्यांना दिलं तर हात फाकतात, मनगटं वळतात, आणि वळलेल्या मनगटाची बोटं आणखी आखूड पडतात. आणि ती जाड जेलची टेप, जी दुकानदार आरामासाठी म्हणून आवडीनं विकतो, ती लहान हाताला घातक आहे. हँडल जाड झालं की ते धरण्यातच बोटांची लांबी संपते. भाचीच्या हँडलवर तसल्या टेपचे दोन थर होते.

लिव्हर बदलायची वेळ क्वचित येते, पण तीही सोय आहे. शिमानोनं २०१८ च्या सुमारास १०५ या गटात आर ७०२५ हा हायड्रॉलिक लिव्हर खास लहान हातांसाठी काढला, हँडलच्या जवळ बसणारा. कंपनीला कळतं, म्हणून ती बनवते. मधल्या साखळीत कुठेतरी हे ज्ञान गळून पडतं.

भाचीच्या सायकलला आम्ही साधं अल्युमिनियमचं कॉम्पॅक्ट हँडल बसवलं, एका गल्लीतल्या सायकलमिस्त्रीकडून. त्यांनी आयुष्यभर काळ्या सायकली दुरुस्त केल्यात आणि डिस्क ब्रेकला ते अजून "ताटली" म्हणतात. स्क्रू आत घेतला, पातळ टेप लावली, केबल जुळवली. माझ्या शिवणाच्या टेपनं मोजलं तर आकड्यापासून लिव्हरचं अंतर ९२ मिलिमीटर होतं ते ६६ झालं. खर्च तिनं घेतलेल्या हेल्मेटपेक्षा कमी. मिस्त्रींनी आधी काय केलं असेल तर तिला समोर उभं करून म्हणाले, "हात दाखव बाळ." मी मनात म्हटलं, हात दाखवून अवलक्षण ही म्हण या दुकानात लागू नाही.

मात्र हे करणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. महागड्या नव्या सायकलींत हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात ओतलेले येतात आणि ब्रेकच्या नळ्या त्यांच्या पोटातून जातात. वारा कमी लागतो म्हणे, दिसतंही गुळगुळीत. असलं हँडल बदलायचं तर हायड्रॉलिक नळ्या सोडवा, काही वेळा कापा, तेल भरा, हवा काढा, आणि नवा अखंड तुकडा घ्या, ज्याची किंमत साध्या हँडलच्या दसपट असू शकते. म्हणजे जी गोष्ट एका पान्यानं संध्याकाळी होत होती ती आता आठवड्याचं काम आणि महिन्याचा पगार झाली. ताशी तीस किलोमीटरनं खडकवासल्याला जाऊन पोहे खाऊन परत येणाऱ्या माणसाला वाऱ्यातून वाचलेले दोन-चार सेकंद विकले जातायत आणि त्याबदल्यात हँडल बदलायचा हक्क काढून घेतला जातोय. अशी सायकल घेणारच असाल तर बुकिंगच्या आधी रुंदी आणि रीच बदलून मागा. काही कंपन्या सुरुवातीलाच बदलून देतात. पावती फाटल्यावर कोणी ओळख दाखवत नाही.

फिटिंगचे स्टुडिओ आहेत, हे मला माहीत आहे. चांगलं काम करतात, मोजमाप करतात, व्हिडिओ काढतात. पण लोक तिथे जातात ते सायकल घेतल्यावर, पाठ धरल्यावर. शिंप्यानं कपडा शिवून दिल्यावर माप घ्यायला दुसऱ्या शिंप्याकडे जावं तसं आहे हे.

दुकानदारांची बाजू मी ऐकली आहे. कंपनीकडून खोक्यात सायकल येते, हँडल फ्रेमच्या मापानुसार ठरलेलं, बदललं तर काढलेलं जुनं हँडल कोण घेणार? नफा पातळ, जागा लहान, ऑनलाइनवाल्यांशी स्पर्धा. हे सगळं खरं आहे. पण माझी मागणी फ्रेमची नाही. एका जुन्या स्टँडवर तीन हँडल लावून ठेवा: एक जुन्या वळणाचं, एक कॉम्पॅक्ट, एक अरुंद कॉम्पॅक्ट. प्रत्येकावर लिव्हर, स्क्रू मोकळा, आणि बाजूला एक फूटपट्टी. गिऱ्हाइकानं तीन वेळा मूठ आवळून बघावी आणि मग सायकलचा रंग निवडावा. याला लागणारी जागा चार फूट बाय दोन. शनिवार पेठेत तेवढी तर जुन्या वाड्याच्या जिन्याखालीही निघते, आणि सध्या तिथे बहुतेक वेळा हवा गेलेली एक सायकलच पडलेली असते.